तेवीस वह्यांतले नत्थुजी

आपण आंधळे आहोत हे नत्थुजी मानकरांना वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, जानेवारीतल्या एका शुक्रवारी, संध्याकाळी साडेपाचला कळलं. त्या वेळी ते ओसरीवर बसून तूर निवडत होते, आणि बारीकसा खडाही त्यांना ताटाच्या पलीकडच्या कडेला दिसत होता.

बातमी आणली ती पौर्णिमा तायडे यांनी. रस्त्यापलीकडच्या शाळेत त्या सातवीला शिकवत आणि मुलींच्या गाईड पथकाच्या कॅप्टनही होत्या. नत्थुजींची नात दामिनी त्याच पथकात होती. बाई अवेळी दारात दिसल्या तशा नत्थुजींच्या हातातल्या तुरी ताटात सांडल्या.

"दामिनीले लागलं का?"

"नाई काकाजी. ते तं घरीच असंन ना?"

दामिनी घरीच होती. मागच्या खोलीत बाजेच्या खुराला दोरी अडकवून गाठी घालत होती. नत्थुजींनी तिला तासाभरापूर्वीच पाहिलं होतं. तरीही ते उठून आत डोकावून आले.

बाईंनी पिशवीतून वह्यांचा गठ्ठा काढला. वरची वही उघडून त्यांच्यापुढे धरली. "वाचा."

नत्थुजींनी वाचलं. 'आज मी आंधळे आजोबा नत्थुजी मानकर यांचा हात धरून त्यांना रस्ता ओलांडून दिला. त्यांनी मला आशीर्वाद दिला.'

बाईंनी दुसरी वही उघडली. तिच्यातही तेच होतं. तिसरीत आशीर्वादाच्या पुढे आणखी एक वाक्य होतं : 'त्यांच्या डोळ्यांत अश्रू आले.'

स्वयंपाकघराच्या दारात गोदाबाई उभ्या होत्या. "आंधळ्याच्या डोयात बी पाणी येते का वं बाई?" त्यांनी विचारलं. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "अन् तुमी! महिनाभर गावच्या पोरी हात धरून रायल्या तुमचा, मले एका शब्दानं सांगतलं नाई."

बाई हसल्या नाहीत. हसण्यासारखी त्यांची स्थिती नव्हती. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, अकोल्याहून परीक्षक येणार होत्या. पथकातल्या मुलींचा प्रवेश गेल्या वर्षीच झाला होता, आता पहिली खरी पायरी होती, प्रथम सोपान. त्यासाठी गाठी याव्या लागत, जखमेवर पट्टी बांधता यावी लागे, शिट्टीच्या खुणा ओळखाव्या लागत. आणि महिनाभर रोज एक सत्कृत्य करून ते वहीत लिहावं लागे. मदत घराबाहेरच्या माणसाला करायची, कोणी न सांगता, बदल्यात काही न घेता. सकाळी स्कार्फच्या टोकाला गाठ मारायची आणि सत्कृत्य झालं की सोडायची.

गाठी, पट्ट्या, शिट्ट्या सगळं बाईंनी घोटून घेतलं होतं. वह्या मात्र तपासल्या नव्हत्या. महिनाभर मतदार यादीचं काम गळ्यात होतं, घरोघरी फिरायचं होतं. मुलींनीही वह्या शेवटच्या चार दिवसांत मधल्या सुट्टीत भरल्या. आचल नावाच्या मुलीनं पुस्तकातला नमुना घेतला, वृद्धाला रस्ता ओलांडून देण्याचा. खरं वाटावं म्हणून त्याला नाव दिलं. शाळेसमोर राहणारे, काळा चष्मा लावून हिंडणारे म्हातारे एकच होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी पंधरा दिवस लावायला सांगितलेला चष्मा नत्थुजी, काही होऊ नये म्हणून, चौथ्या महिन्यातही लावत होते. आचलची वही बाकीच्यांनी नावासकट उतरवली. चोवीस मुलींपैकी तेवीस जणींनी.

"नीलमताई इंगळे येऊन रायल्या," बाई म्हणाल्या. "लय बारीक पाहतेत. वहीतल्या माणसाच्या घरी जाऊन विचारतेत. काकाजी, विचारलंच तं फक्त हाव म्हणा. तेवीस पोरीईचा प्रश्न आहे."

"अन् दामिनीच्या वहीत?"

"तिच्या वहीत तुमी नाई. तिचं निराळंच आहे." बाईंनी गठ्ठ्यातली शेवटची वही काढली. "अकराच पानं भरली. बाकी कोरी. तुमी बसवा तिले आज. नाई तं सगळ्या जातीन अमरावतीले, अन् हे एकटी राहीन."

बाईंच्या बोलण्यातला 'एकटी' हा शब्द नत्थुजींच्या छातीत जाऊन बसला.

अमरावतीला फेब्रुवारीत विभागाचा मेळावा होता. प्रथम सोपान झालेल्यांनाच तिथं नेणार होते. अमरावतीत दामिनीचे आईवडील होते. मुलगा सागर तिथल्या एमआयडीसीत कामाला, सून प्रणिता दवाखान्यात नर्स. लॉकडाऊनमध्ये दवाखान्यातून घरी येणाऱ्या आईजवळ लहान पोर नको म्हणून दामिनीला इथं आणून सोडलं होतं. निवळलं की नेऊ, असं ठरलं होतं. मग शाळा सुरू झाली, ड्यूट्या बदलल्या, खोली लहान पडली. निवळूनही आता बरीच वर्षं झाली होती आणि नेण्याची गोष्ट कुणी काढत नव्हतं. मेळाव्याच्या संचलनाला प्रणितानं सुट्टी टाकून ठेवली होती. पोरगी पहिल्यांदा मैदानात चालताना तिला पाहायची होती. हे दामिनी रोज कुणाला न सांगता मोजत होती, आणि नत्थुजी तिला मोजताना पाहत होते.

त्यांचा स्वभावच असा. बस यायला तास असला तरी ते फाट्यावर जाऊन उभे राहत. गॅसची कळ बंद केल्यावर पुन्हा उठून पाहत. पोरीला शाळेतून यायला दहा मिनिटं उशीर झाला की रस्त्याच्या कडेला येत. संकट दिसत नाही म्हणजे ते वाटेत असणार, असं त्यांना वाटे. या महिन्यात त्यांची नजर पोरीच्या स्कार्फवर होती. पुष्कळदा ती घरी यायची तेव्हा टोकाची गाठ तशीच असायची. विचारलं तर म्हणायची, "आज नाई सापडलं."

बाई गेल्यावर त्यांनी दामिनीला ओसरीवर बोलावलं आणि तिची वही वाचली.

'आचलच्या सायकलची चेन चढवून दिली.'

'वर्गात चिमणी शिरली होती. पंखा बंद केला, ती गेली.'

'ट्रॅक्टरमधून पडलेला कापूस गोळा करून ट्रॅक्टरवाल्याला द्यायला गेले. त्याने घेतला नाही.'

'आज पाहिलं पण कोणालाच काही पाहिजे नव्हतं.'

"हे काय सत्कृत्य होय?" नत्थुजी म्हणाले.

"नाई. म्हणून तं तसं लिहिलं."

"आजीले पाणी भरून देतं, मले औषधाचं नाव वाचून दाखवतं, थे काहून नाई लिहिलं?"

"घरचं आहे थे. मॅडमनं सांगतलं, घरचं धराचं नाई."

नत्थुजींनी पेन तिच्या हातात दिला. "बस. मी सांगतो थे लिही. तारीख घाल."

ती बसली. आजोबांचं ऐकायची तिला सवय होती.

"लिही, शेजारच्या मनकर्णाबाईले पाणी भरून दिलं."

"त्यायच्या घरी तं नळ आहे."

"मंग लिही, कुत्र्याले भाकर टाकली."

"कोन्त्या कुत्र्याले?"

"कोन्त्याई कुत्र्याले!" त्यांचा आवाज चढला. गोदाबाईंनी आतून मान वर करून पाहिलं. दामिनीनं खाली मान घालून लिहिलं.

एकोणीस पानं. नत्थुजी सांगत गेले, ती लिहीत गेली. पडलेलं पुस्तक उचलून दिलं. तहानलेल्याला पाणी दिलं. म्हातारीची मोळी डोक्यावर चढवून दिली. गावात आता मोळी कुणी आणत नव्हतं, घरोघरी सिलिंडर होते, पण दामिनीनं ते विचारलं नाही. तिचं अक्षर पानागणिक लहान होत गेलं. शेवटचं पान संपल्यावर तिनं टोपण लावलं आणि म्हणाली, "आबाजी, उद्या अकोल्याच्या मॅडमनं विचारलं तं तुमी आंधळे होसान का?"

"तू जेवून घे," नत्थुजी म्हणाले.

असा प्रश्न त्यांना याआधी एकदाच विचारला गेला होता. अकोटच्या एका जिनिंग कारखान्यात ते एकतीस वर्षं फिटर होते. एकोणनव्वदच्या हंगामात सहदेव नावाच्या मजुराचा हात रोलरमध्ये गेला, कोपरापर्यंत. मशीनचं झाकण सकाळपासून काढलेलं होतं. ते नत्थुजींनीच काढलं होतं, कारण कापूस अडकत होता आणि फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागली होती. चौकशीला साहेब आला. झाकण लावलेलं होतं का, एवढंच त्यानं विचारलं. आधीच्या सहा जणांनी हो म्हटलं होतं. नत्थुजी सातवे. "हाव," ते म्हणाले. चूक सहदेवची ठरली. नत्थुजींना काहीच झालं नाही. तेवढंच त्यांना झालं. पुढे कित्येक वर्षं अकोटच्या स्टँडवर एक रिकामी बाही दिसली की ते खांबाआड जात. गोदाबाईंना हे माहीत नव्हतं.

शनिवारी सकाळी त्यांनी ठरवलं की दिवसभर गावात राहायचंच नाही. ना हो म्हणावं लागणार, ना नाही. "अकोटले जातो," त्यांनी सांगितलं. "डोयाचे थेंब सरले."

"एकटेच?" गोदाबाई म्हणाल्या. "एखादी पोरगी तं घेऊन जा हात धराले."

दामिनी गणवेश घालून आठलाच गेली होती. नत्थुजी फाट्यावर आले. दोन्हीकडच्या बसगाड्या महादेवरावांच्या हाटेलापुढे थांबत, आणि शाळा समोरच्या बाजूला. कापसाचे ट्रॅक्टर, सोयाबीनचे ट्रक, दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे लांबलचक गाडे असा रस्ता सकाळपासून भरलेला होता. तासभर ते उभे राहिले. शाळेच्या मैदानातून शिट्टी ऐकू येई. लांब एक, आखूड तीन. त्यांचा अर्थ दामिनीनं त्यांना शिकवला होता, पण आता त्यांना तो आठवत नव्हता.

अकोटकडून बस आली. तिच्यातून एक बाई उतरल्या. पन्नाशीच्या, जाड भिंगाचा चष्मा, खांद्याला जड पिशवी, एका पायानं जरा दबून चालणाऱ्या. रस्त्याच्या कडेला येऊन त्या थांबल्या. ट्रक गेला, ट्रॅक्टर गेला, त्या दोन पावलं पुढं जाऊन पुन्हा मागं आल्या. नत्थुजींना ते पाहवेना.

"थांबा बाई. अशे जाऊ नका," ते पुढे होऊन म्हणाले. "थो पांढरा ट्रक जाऊ द्या. त्याच्यामांगं मोटरसायकल आहे, ते बी जाऊ द्या. हां. आता चला." एक हात ट्रॅक्टरवाल्याकडे आडवा धरून, दुसऱ्या हातानं बाईंची पिशवी घेऊन ते निघाले.

"बरं झालं तुम्ही होता," बाई म्हणाल्या. "मला लांबचं नीट दिसत नाही. शाळा हीच ना?"

"हेच. कोणाकडे आले?"

"गाईडच्या परीक्षेला. अकोल्याहून."

नत्थुजी रस्त्याच्या मधोमध थांबले. ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला. "अहो, चला ना," बाईंनीच त्यांच्या बाहीला धरून त्यांना पलीकडे नेलं. फाटकाशी पिशवी परत घेत त्यांनी विचारलं, "नाव काय तुमचं?"

दुसरं कुठलंही नाव सांगता आलं असतं. पण त्यांना त्या वेळी एकच नाव आठवत होतं. "नत्थुजी मानकर."

"आभारी आहे, नत्थुजी."

ते मागं वळले तर अकोटला जाणारी बस हाटेलापुढून निघून चालली होती. हात वर करायचीही त्यांना शुद्ध राहिली नाही. पुढची बस दीड तासानं होती. ते परत येऊन बाकड्यावर बसले. घरी जाता येत नव्हतं, घर तर शाळेच्या अगदी समोर. महादेवरावांनी चहा दिला, तो निवला. सव्वाबाराला गणवेशातली एक मुलगी फाटकातून बाहेर आली. आचल होती ती. डोळे रडून सुजलेले.

"आबाजी, तुमाले बलावलं."

मैदानात चोवीस मुली तीन रांगांत उभ्या होत्या. बाजूला टेबलावर दोऱ्या, पट्ट्या नीट गुंडाळून ठेवलेल्या. ती परीक्षा झालेली होती आणि चांगली झाली होती, हे दोऱ्यांवरूनच कळत होतं. पौर्णिमाबाई टेबलामागं उभ्या होत्या, हाताची बोटं एकमेकांत अडकवून. नीलमताईंच्या पुढ्यात वह्या होत्या.

"बसा," त्यांनी स्वतःची खुर्ची दिली. नत्थुजी बसले नाहीत.

"या वह्यांत महिनाभर आंधळ्या नत्थुजी मानकरांना रस्ता ओलांडून दिल्याचं लिहिलं आहे. एकाच तारखेला नऊ नऊ वेळा. सकाळी मला ज्यांनी रस्ता ओलांडून दिला तेही नत्थुजी मानकर. मला एवढंच विचारायचं आहे, हे तुम्हीच का?"

पौर्णिमाबाई घाईनं मध्ये बोलल्या, "मॅडम, त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता दिसते, आधी दिसत नव्हतं. हो ना काकाजी?"

वाट तयार होती. काळा चष्मा नाकावर होता, ऑपरेशनचे कागद घरी होते. तारीख कोण पाहतो? नत्थुजींनी रांगेकडे पाहिलं. तेवीस जणी त्यांच्याकडे बघत होत्या. रांगेच्या टोकाला दामिनी होती, ती आपल्या बुटांकडे बघत होती.

"आणि ही एक वही निराळी आहे," नीलमताई म्हणाल्या. त्यांच्या हातात दामिनीची वही होती. "हिच्यातली पहिली अकरा पानं मी दोनदा वाचली. एवढ्यावर मी हिला पास केलं असतं. पुढची एकोणीस कुठून आली, तेही मला कळत नाही."

नत्थुजींनी चष्मा काढला. का काढला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"मले दिसते जी," ते म्हणाले. आवाज फार बारीक निघाला, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं. "मले आधीपासून दिसते. ऑपरेशन एकाच डोयाचं झालं, दुसरा कायम चांगला होता. माहा हात कोणीच धरला नाई. रस्ता मी एकटाच वलांडतो. अन् थे एकोणीस पानं माही आहेत. मी सांगतले, तिनं लिहिले. तिचे अकराच."

कुणीतरी हुंदका दिला. पौर्णिमाबाई खाली बघत होत्या.

"मंग हिचे अकरा धरा जी," नत्थुजी म्हणाले. आता शब्द एकमेकांवर आदळत होते. "एकोणीस फाडून टाका. पोरीचा दोष नाई. आई आहे तिची अमरावतीले. सुट्टी टाकली तिनं."

नीलमताईंनी दामिनीला जवळ बोलावलं. "ही एकोणीस पानं कोणाच्या हातानं लिहिली?"

"माह्या," दामिनी म्हणाली.

"लिहिताना माहीत होतं?"

"हाव."

नीलमताईंनी वही मिटली. त्यांना ते सोपं गेलं नाही. मग म्हणाल्या, आज कुणालाच प्रथम सोपान मिळणार नाही. गाठी आणि पट्ट्या झाल्या, त्या पुन्हा घेणार नाही. वह्या नव्यानं सुरू करायच्या, उद्यापासून, तीस दिवस. "मार्चच्या पहिल्या शनिवारी मी येईन. कोरी पानं असली तरी चालतील."

मेळावा बारा फेब्रुवारीला होता.

दामिनी त्यांच्या पुढे चालत घरी गेली. रस्त्याशी ती थांबली, दोन्हीकडे पाहिलं आणि एकटीच पलीकडे गेली. नत्थुजी या बाजूला राहिले. ट्रक जाईपर्यंत, मग आणखी एक ट्रक जाईपर्यंत. ते घरी पोचले तेव्हा ती मागच्या खोलीत दार लावून होती आणि गोदाबाई दारापाशी बसल्या होत्या. "काही विचारू नका," त्या म्हणाल्या. दामिनीनं दाराआडून त्यांना सगळं सांगितलं होतं. नत्थुजींना वाटलं, आता ही काहीतरी बोलेल, टोमणा मारेल. त्यांनी वाट पाहिली. गोदाबाईंनी पाण्याचा गडू पुढे सरकवला, बाकी काही नाही. ते जास्त कठीण गेलं.

चार वाजता प्रणिताची ड्यूटी सुटे. चारला पाच मिनिटं असताना नत्थुजींनी फोन हातात घेतला. सागरला सांगावं, तो तिला सांगेल, असं मनात आलं आणि गेलं. दामिनी केव्हाची बाहेर येऊन त्यांच्यासमोर बसली होती. गणवेश अजून अंगावरच होता.

"हॅलो, बाबा? झाली का परीक्षा?" मागं कुणीतरी स्ट्रेचर ढकलत होतं, चाकाचा आवाज येत होता. "पास झाली ना?"

"नाई," नत्थुजी म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगितलं. वह्या, आंधळेपण, एकोणीस पानं, आपण ती कशी सांगितली. मध्ये थांबले नाहीत, थांबले असते तर पुढं सांगता आलं नसतं. "सुट्टी रद्द कर तुयी. ते येत नाई अमरावतीले. माह्यापायी."

पलीकडे चाकाचा आवाज दूर गेला.

"बाबा, रडली का ते?"

नत्थुजींनी समोर पाहिलं. दामिनीला ऐकू गेलं होतं. ती जोरजोरानं मान हलवत होती. नाही म्हणा, नाही म्हणा. आईला काळजी नको म्हणून. तिच्या गालावर मिठासारखे पांढरे ओघळ वाळलेले होते आणि नत्थुजींना ते स्पष्ट दिसत होते.

"रडली," ते म्हणाले. "दुपारपासून. दार लावून."

दामिनीनं मान हलवायची थांबवली. ती त्यांच्याकडे बघत राहिली. रागावली होती की काय, ते त्यांना ओळखता येईना.

"तिच्यापाशी द्या," प्रणिता म्हणाली.

त्यांनी फोन पुढे केला. ती लगेच घेईना. हात पुढे धरूनच ते बसून राहिले.